‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हणजे कोणाच्या शब्दांत?

वाचकांचे प्रश्न, भाषाशिक्षकांची उत्तरे

शाळेत लिहायला सांगितले एक, मुलाने लिहून नेले दुसरेच आणि मग वर्गात हसे झाले, अशी पत्रे या वेळी कोकणपट्टीतून बरीच आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. ‘तुमच्या घराच्या परिसराचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहा’ असा घरचा अभ्यास होता. तिने सगळे मालवणीत लिहिले : ‘आमच्या खळ्यात मांडव घातलो आसा. माका थंय खेळूक आवडता. माझा घर चिऱ्याचा आसा.’ ते वर्गात वाचून दाखवले गेले, मुले हसली, पानभर लाल रेघा आल्या. आता मराठीचा तास असला की तिच्या पोटात दुखते. घरात मालवणी बोलणे बंद करावे का? (एक आई, मालवण तालुका)

मुळीच बंद करू नका. मालवणी बंद केल्याने तिचे मराठी सुधारणार नाही. तिच्याजवळचे शब्द मात्र कमी होतील आणि आजीशी बोलतानाही ती अडखळू लागेल.

आधी गोंधळ कुठे झाला ते पाहू. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ ही सूचना पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत एका ठरलेल्या अर्थाने येते : पाठातली वाक्ये जशीच्या तशी उतरवू नका, जे समजले ते स्वतः वाक्ये रचून लिहा. ही वाक्ये प्रमाण मराठीत हवीत, ही अट सूचनेत लिहिलेली नसते, ती धरून चाललेली असते. तुमच्या मुलीने सूचना जशी होती तशी पाळली. तिचे शब्द मालवणी, म्हणून लिहिणेही मालवणी.

दुसरी गोष्ट, तिने लिहिले ते चुकलेले मराठी नव्हे, ते बरोबर मालवणी आहे. प्रमाण मराठीतली आकारान्त पुल्लिंगी रूपे मालवणीत ओकारान्त होतात : आंबा–आंबो, घातला–घातलो, आला–इलो. ‘खेळायला, जेवायला’ यांचे ‘खेळूक, जेवूक’ होते. मला–माका, तुला–तुका, आहे–आसा, कुठे–खंय. हे सगळे नियमाने चालते. ‘माझा घर’ या दोन शब्दांकडे नीट पाहा. शिक्षकांना वाटते, मुलीला लिंग कळत नाही, ‘घर’ नपुंसकलिंगी असून तिने पुल्लिंगी रूप लावले. पण मालवणीत ‘माझो भाव’ पुल्लिंगी, ‘माझी भैण’ स्त्रीलिंगी आणि ‘माझा घर’ नपुंसकलिंगीच असते. म्हणजे तिला लिंग पक्के कळते, प्रत्यय तेवढा वेगळा आहे. ‘लिंग ओळखायला शिक’ असे सांगून तिचा गोंधळ वाढेल. ‘मालवणीत जिथे माझो तिथे शाळेत माझा, आणि मालवणीत जिथे माझा तिथे शाळेत माझे’ एवढे सांगितले की तिला लगेच उमगते.

घरी असे करा. ते पान फाडू नका, खोडू नका. दुसऱ्या वहीची समोरासमोरची दोन पाने घ्या. डावीकडे तिने आपली मूळ वाक्ये लिहावीत, एका बैठकीला पाचच. उजवीकडे तेच वाक्य शाळेच्या मराठीत. पहिल्या दिवशी फक्त क्रियापदे बदलायची : आसा–आहे, आवडता–आवडते. दुसऱ्या दिवशी माका–मला आणि खेळूक–खेळायला. तिसऱ्या दिवशी घातलो–घातला आणि माझा घर–माझे घर. रोज १५ मिनिटे पुरतात. सगळे एकाच दिवशी घेतले तर ‘मला खेळूक आवडते’ अशी अर्धी इकडची, अर्धी तिकडची वाक्ये येतात. अशी वाक्ये दिसली तर रागावू नका, दोन्ही भाषा वेगळ्या काढण्याचे काम तिच्या डोक्यात चालू झाले आहे इतकेच.

नामांना मात्र हात लावू नका. खळे (अंगण), मांगर (शेतावरचे छप्पर), व्हाळ (ओढा), पाणंद (अरुंद वाट), गडगा हे शब्द प्रमाण मराठीतल्या लेखनातही तसेच राहू द्या. ‘गडगा’ खोडून ‘कुंपण’ लिहिले की चुना-सिमेंट न लावता चिरे किंवा दगड एकावर एक रचून केलेली ती भिंत डोळ्यांसमोरून जाते. ‘खळे’ मात्र एकदा समजावून लिहायला सांगा, कारण घाटावर खळे म्हणजे धान्य मळायची जागा : ‘घरासमोर शेणाने सारवलेले खळे आहे’ एवढे पुरते. कोणी बोलत असेल तर त्याचे बोलणे अवतरणचिन्हांत मालवणीतच ठेवता येते. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मराठीच्या लेखननियमांतच जागा आहे.

आता पोटदुखी. तिला भीती चूक होण्याची वाटत नाही, पुन्हा वाचून दाखवले जाण्याची वाटते. म्हणून शिक्षकांना भेटून एकच गोष्ट मागा : पुढचे दोन महिने तिची वही वर्गात मोठ्याने वाचू नये, आणि वाचायचीच असेल तर आधी तिला विचारावे. भेट शाळा सुटल्यावर घ्या, मुलीला बाहेर ठेवा, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विषय काढू नका. मुलांना मानसिक त्रास देण्याला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे आणि शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे असे त्याच कायद्याचे कलम २९ सांगते. तरी पहिल्या भेटीत कायदा काढू नका. डाव्या-उजव्या पानांची वही सोबत न्या. ती पाहिल्यावर बहुतेक शिक्षकांना मुलीची बाजू आपोआप कळते.

आणि घरच्यांसाठी एक कळकळीची विनंती. गणपतीत मुंबईहून सगळे आले की ‘हिने काय लिहिले होते ठाऊक आहे का’ असे म्हणून हा किस्सा सांगू नका. वर्गातले हसणे एका दिवसाचे असते, घरातले हसणे दर भाद्रपदात परत येते.

प्रश्न : ‘गायीवर पाच ओळी लिहा’ म्हटल्यावर दुसरीतल्या मुलाने पट्टीने पाच सरळ रेघा मारल्या आणि वर गाय काढली. हे काळजीचे आहे का? (एक वडील, श्रीवर्धन)

नाही. ‘ओळ’ हा शब्द त्याने रांगेसाठी ऐकला आहे, वहीतल्या रेघेसाठी ऐकला आहे, वाक्यासाठी ऐकलेला नाही. दुसरीत ‘पाच वाक्ये लिही, प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम दे’ असेच सांगायला हवे. याच शब्दामुळे पुढेही एक चूक होते : मुले छापील ओळी मोजतात, अक्षर मोठे काढून दोनच वाक्यांत पाच ओळी भरतात. दुरेघी वहीत तर हे हमखास होते, कारण एका ओळीत चार-पाच शब्दच मावतात. रेघा सरळ आल्या असतील तर तेवढे म्हणा आणि खाली पाच वाक्ये लिहून घ्या.

प्रश्न : बदलीमुळे आम्ही अलिबागकडून रत्नागिरी तालुक्यात आलो. ‘आमची वाडी’ या निबंधात पाचवीतल्या मुलीने माड, पोफळी, विहीर आणि शिंपणे यांविषयी लिहिले. ‘माणसे कुठे गेली?’ असे विचारल्यावर वर्ग हसला. तिचे काय चुकले? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

काहीच चुकले नाही. एकच शब्द दोन जिल्ह्यांत दोन अर्थांनी चालतो. अलिबाग, रेवदंडा, श्रीवर्धन या भागात वाडी म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग. तिथे ‘वाडीत गेलोय’ म्हणजे बागेत गेलोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडी म्हणजे गावाचा एक भाग, घरांचा पुंजका : वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी. तिथल्या बागेला कुठे आगर म्हणतात, कुठे नुसती बाग. रत्नागिरीच्या उत्तर भागात अशाच वस्तीला कोंड असेही म्हणतात. आणि मुंबईत गिरगावातली वाडी म्हणजे चाळींची वस्ती. तिथला मुलगा या विषयावर गॅलरी आणि सार्वजनिक गणपती लिहील आणि तेही बरोबरच ठरेल.

तिला दुसरा निबंध लिहायला लावण्यापूर्वी पहिल्याला पूर्ण गुण मागा, निदान ‘अर्थ वेगळा घेतला, लेखन चांगले’ असा शेरा तरी. तिने ‘नारळाचे झाड’ न लिहिता ‘माड’ आणि ‘सुपारीचे झाड’ न लिहिता ‘पोफळी’ लिहिले ही जमेची बाजू आहे. नारळ आणि सुपारी ही फळे, माड आणि पोफळी ही झाडे. रातांबा हे फळ आणि आमसूल ही त्याची वाळवलेली साल, हा फरकही किनाऱ्यावरची मुले सहज करतात.

नवा निबंध लिहिताना तिच्याकडे चांगली सुरुवात तयारच आहे : ‘आमच्या जुन्या गावी वाडी म्हणजे बाग होती. इथे वाडी म्हणजे शेजार.’ त्यानंतर वाडीत किती घरे, पाणी कुठून येते, देऊळ कोणत्या बाजूला, पालखी कोणत्या वाटेने फिरते, मे महिन्यात कोण कोण येते. पालखीची वाट एखाद्या वयस्क शेजाऱ्याला विचारून लिहायला सांगा. नवीन गावात तिची ओळखही होईल.

प्रश्न : सातवीतल्या मुलाला ‘मोडक्या होडीचे आत्मकथन’ हा विषय होता. त्याने स्वतःची जन्मतारीख, शाळा आणि आमची होडी विकली तो दिवस, असे लिहिले. दहापैकी दोन गुण मिळाले. ‘आत्म म्हणजे मी ना?’ असे तो विचारतो. काय सांगू? (एक पालक, हर्णै)

त्याने शब्द बरोबर फोडला आहे हे आधी सांगा. आत्म म्हणजे स्वतः, कथन म्हणजे सांगणे. अडचण ‘होडीचे’ या शब्दात आहे. ‘होडीचे वर्णन’ म्हटले की वर्णन आपण करतो आणि होडी गप्प असते. ‘होडीचे आत्मकथन’ म्हटले की सांगते होडीच आणि आपण गप्प. ‘चे’ तोच, पण पहिल्यात होडी कर्म आहे, दुसऱ्यात कर्ता. हा फरक बोलून दाखवला नाही तर मुलांना दिसत नाही. वर्गात तो क्वचितच बोलून दाखवला जातो, याचे आम्हाला वाईट वाटते. त्यात आत्मकथन, आत्मवृत्त, मनोगत असे तीन शब्द एकाच कामासाठी आलटून पालटून येतात, त्याने गोंधळात भर पडते. ‘मी होडी झालो तर’ हा विषय आणखी निराळा. तिथे मुलगा मुलगाच राहतो, फक्त कल्पना करतो, आणि वाक्ये ‘असतो तर… केले असते’ अशी येतात.

लिहिण्यापूर्वी दहा मिनिटे कच्च्या कागदावर होडीची माहिती लिहून काढू द्या. कोणत्या लाकडाची, कोणी बांधली, शिडाची की वल्ह्याची, तोल राहावा म्हणून बाजूला उलांडी आहे का, किती माणसे बसत, कोणती मासळी येई, पावसाळ्यात कुठे ओढून ठेवत, कशाने शाकारत. माहिती नसेल तर बंदरावर जाऊन विचारावे, तुम्ही हर्णैला राहता, त्याला दहा पावलांवर उत्तरे आहेत. मग चार टप्पे ठरवायचे : बांधली गेले ते दिवस, कामाचे दिवस, मोडले कसे, आता काय. सातवीला पंधरा ते वीस वाक्ये पुरतात. त्यातली निम्मी कामाच्या दिवसांना द्यावीत. मुले जन्मावर पाच-सहा वाक्ये घालवतात आणि मोडण्यापर्यंत येता येता वेळ संपतो.

प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारायचा : हे होडीला कसे कळले? मालकाच्या घरात काय बोलणे झाले हे किनाऱ्यावरच्या होडीला कळणार नाही. पण मालक येऊन काठावर हात ठेवून उभा राहिला, हे कळेल. पाण्याचा थंडपणा, वाळूची खरखर, जाळ्याचे वजन, फळ्यांतून झिरपणारे पाणी हे होडीचे अनुभव. एवढी एक कसोटी लावली की आत्मकथन निम्मे जमते.

काळ आणि लिंग सांभाळावे लागते. होडी स्त्रीलिंगी, म्हणून ‘मी जात होते, मला ओढत असत, मी पडून आहे’. मुलगे लिहिताना चौथ्या-पाचव्या वाक्यात ‘मी जात होतो’वर घसरतात. गलबत, झाड, पुस्तक अशा नपुंसकलिंगी वस्तूंचे काय, हा खरा पेच आहे. ‘मी झाड बोलतोय’ आणि ‘मी झाड बोलतेय’ दोन्ही चालते. जे घेतले ते शेवटपर्यंत टिकवायचे. शेवटचा परिच्छेद वर्तमानकाळात, बाकी भूतकाळात.

‘मी किनाऱ्यावर फिरत होतो, इतक्यात आवाज आला’ ही सुरुवात टाळावी. ती इतक्या वह्यांत असते की तपासणाऱ्याचा डोळा तिच्यावरून पुढे सरकतो, शिवाय चार वाक्ये वाया जातात. पहिल्याच वाक्यात होडीने बोलावे : ‘यंदाही जून उजाडला आणि माझ्यावर झाप घालायला कोणी आले नाही.’ झाप म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले आच्छादन. किनाऱ्यावरच्या वाचकाला एवढ्यात सगळे कळते. माहितीसाठी, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. वल्ह्याच्या होड्या बंदीमुळे नव्हे, खवळलेल्या समुद्रामुळे वर ओढल्या जातात. होडी यांत्रिक आहे की हाताची, त्याप्रमाणे कारण लिहावे.

आणि त्याने लिहिलेल्या पानाचे काय? जन्मतारीख आणि शाळा एवढा भाग काढला तर उरते ते उत्तम प्रसंगलेखन आहे. वर ‘आमची होडी विकली तो दिवस’ असे शीर्षक द्यायला सांगा आणि ते वेगळे लेखन म्हणून शिक्षकांना दाखवा.

प्रश्न : देवरुखजवळच्या गावाहून माझ्या नातवाचे पहिले पत्र आले. मजकूर गोड आहे, पण खाली सही ‘अ. ब. क.’ आणि वर पत्ता ‘य. र. ल. विद्यालय’. त्याला फोनवर विचारले तर रडवेला झाला. (एक आजोबा, परळ)

परीक्षेत उत्तरपत्रिका कोणाची हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून पत्राच्या प्रश्नात खरे नाव, खरी शाळा लिहायची नसते. त्यासाठी अ. ब. क. हा पडदा. मुलांना पडदा शिकवला जातो, त्याचे कारण सांगितले जात नाही, त्यामुळे पत्राखाली असेच लिहायचे असते असे ती धरून चालतात. कारण सांगितले की एका मिनिटात समजते.

तुम्ही त्याला उत्तर जरूर पाठवा, पोस्टानेच, आणि त्यातूनच शिकवा. वर तुमचा खरा पत्ता आणि तारीख, ‘चि.’ पुढे त्याचे नाव, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, खाली तुमचे नाव. तो पाहून लिहील. वडीलधाऱ्यांना ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पूर्ण अर्थ माहीत नसताना मुले ‘सा’ आणि ‘स’ यांची अदलाबदल करतात, म्हणून अक्षरे पाठ करून घेण्याआधी अर्थ सांगावा. हे जड वाटत असेल तर ‘प्रिय आजोबा, नमस्कार’ यातही काही उणे नाही.

पिनकोड मात्र त्याच्याकडून लिहून घ्या. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो चालू आहे, सहा अंकी. मुंबईचा ४०० ने सुरू होतो, त्याच्याकडचा ४१५ ने. परीक्षेतल्या पत्रात कोणी पत्र पोचवत नसते, त्यामुळे पिनकोड चुकला तरी चालून जातो. खऱ्या पत्राला तो बरोबरच लागतो.

प्रश्न : मी तिसरी-चौथीला शिकवतो. सूचना मुलांना वेगळी कळते आहे, हे वह्या तपासण्याआधी कसे ओळखावे? (एक शिक्षक, मुरुड)

‘समजले का?’ विचारू नका, सगळी मुले ‘हो’ म्हणतात. ‘तू पहिले वाक्य काय लिहिणार?’ असे तिघांना विचारा : एक नवीन आलेला, एक गप्प बसणारा, एक कोणीही. तिघांची पहिली वाक्ये ऐकली की सूचना कुठे फसली ते तिथेच कळते. या कामाला तीन मिनिटे लागतात.

सूचनेत क्रियापद एकच असावे. ‘माहिती मिळवा व लिहा’ यात मुले ‘मिळवा’ सोडून देतात आणि मनानेच लिहितात. त्यापेक्षा ‘घरातल्या एका मोठ्या माणसाला विचार, त्याने सांगितले ते पाच वाक्यांत लिही’ असे म्हणा. मोजमाप ओळींत नको, वाक्यांत द्या. भाषा सांगा. नमुना फळ्यावर लिहा, पण दुसऱ्या विषयाचा. त्याच विषयाचा लिहिला तर तीस वह्यांत तोच उतरलेला मिळेल.

काही ठरीव सूचना तर बदलूनच टाकाव्यात असे आमचे मत आहे. ‘गाळलेल्या जागा भरा’ म्हटल्यावर लहान मुले जागा पेन्सिलीने रंगवतात, तिथे ‘रेघेवर शब्द लिहा’ पुरते. ‘वाक्यात उपयोग करा’ याला ‘बाईंनी डोळे पाणावणे या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायला सांगितला’ असे उत्तर येते. ते वाक्य व्याकरणाने अचूक आहे, पण त्यातून अर्थ कळला की नाही ते समजत नाही. ‘अर्थ कळेल असे वाक्य लिहा, वाक्प्रचाराचे रूप बदलले तरी चालेल’ असे सांगितले की ‘मुलगा मुंबईला निघाला तेव्हा आईचे डोळे पाणावले’ असे वाक्य येते.

‘शुद्धलेखन’ या शब्दाचा गोंधळ सर्वांत लांब चालतो. प्राथमिक शाळेत शुद्धलेखन म्हणजे पुस्तकातले एक पान सुवाच्य अक्षरात उतरवणे. मोठ्या वर्गात गेल्यावर अचानक शुद्धलेखनाचे नियम येतात. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये शासनाने स्वीकारले, असे एकूण १८. ज्याला चार वर्षे सुंदर अक्षर म्हणजेच शुद्धलेखन वाटत आले, त्याला ‘तुझे शुद्धलेखन कच्चे आहे’ हे ऐकून आपले अक्षर वाईट आहे असे वाटते आणि तो अक्षर गिरवत बसतो. म्हणून पाहून लिहिण्याला अनुलेखन म्हणा, ऐकून लिहिण्याला श्रुतलेखन म्हणा आणि शुद्धलेखन हा शब्द ऱ्हस्वदीर्घासारख्या नियमांसाठी राखून ठेवा. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वीट’ पण ‘विटेला’ : असा एक नियम आठवडाभर धरला तरी पुष्कळ झाले.

वहीवरचा शेरा लिहिताना अर्थ वेगळा घेणे आणि लेखन चुकणे यांची नोंद वेगळी करा. दोन्हींना एकच लाल फुली मिळाली की मुलाला यातले काय दुरुस्त करायचे ते कळत नाही.

प्रश्न : मुलाची अशीच एक गंमतशीर वही जपून ठेवायची आहे. आमच्याकडे पावसात कागद बुरसतो. काय करावे? (एक आई, वेंगुर्ले)

मुलाला विचारून ठेवा. तो नको म्हणाला तर त्याचे ऐका.

वहीतल्या लोखंडी पिना आधी काढा. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि डाग पानापानांत उतरतो. त्याजागी जाड सुती दोऱ्याने टाके घाला. शिसपेन्सिलीचे लिखाण वर्षानुवर्षे टिकते, पाणी लागले तरी पसरत नाही. शाईपेनाचे ओलाव्याने पसरते, जेलपेनाचेही बहुधा तसेच, म्हणून अशा पानांचे फोटो पावसाआधीच काढून ठेवा. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नका, आत ओल राहिली तर कागद आतूनच काळवंडतो आणि मग तो सोडवता येत नाही.

वही सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत वेखंडाचे दोन-तीन तुकडे. कसर आणि वाळवीसाठी डबा भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको, फळीवर चार बोटे सोडून. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की एकदा काढून सावलीत पाने उघडून ठेवायची. भिजलीच तर उन्हात टाकू नका, पाने वाकडी होतात. दोन पानांमध्ये कोरा कागद घालून वर हलके वजन ठेवा आणि कागद दर दोन तासांनी बदला. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, त्याची शाई वहीवर उमटते.